कॅम्प होस्ट: फुकट मिळणारी साईट आणि तिच्यामागचं काम

नमस्कार मंडळी.

अमेरिकेत एखाद्या स्टेट पार्कच्या, म्हणजे राज्य सरकारच्या पार्कच्या, कॅम्पग्राउंडमध्ये शिरलात, की पहिल्या-दुसऱ्या साईटवर, म्हणजे मुक्कामासाठी आखून दिलेल्या जागेवर, बरेचदा एक आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, उभी दिसते. बाहेर दोन खुर्च्या, बाजूला सरपणाचा ढीग आणि ‘कॅम्प होस्ट’ अशी पाटी. आपण गाडीतूनच हात करतो आणि आपली साईट शोधत पुढे जातो. तिथे राहणारी माणसं कोण असतात, दिवसभर काय करतात, त्यांना काय मिळतं आणि आपल्यापैकी कुणाला हे काम झेपेल, ते आज सांगते. मी आणि माझा नवरा ओरेगनच्या किनाऱ्यावर हे काम करतो, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच जास्त येतील.

आधी व्यवहाराचं बोलू, कारण तुमचे प्रश्न त्याबद्दलच जास्त असतात.

होस्ट हा स्वयंसेवक असतो. पगार मिळत नाही. पार्क तुम्हाला राहायला साईट देतं, बहुतेक ठिकाणी वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या जोडणीसकट. याला इथे फुल हुकअप म्हणतात. आरव्ही तुमची, किराणा तुमचा, पेट्रोलही तुमचंच. त्याबदल्यात आठवड्याचे ठरलेले तास काम करायचं. बऱ्याच जाहिरातींमध्ये २० ते ३० तासांच्या आसपासचा आकडा असतो. तो जोडप्याचा मिळून आहे की प्रत्येकी, हे पहिल्याच फोनवर विचारून घ्या. या एका प्रश्नावर तुमचा सगळा उन्हाळा अवलंबून आहे.

इथे एक गल्लत होते, ती दूर करते. नॅशनल फॉरेस्टमधली पुष्कळ कॅम्पग्राउंड सरकारी असली, तरी चालवायला खासगी कंपन्यांकडे दिलेली असतात. पाटी तीच असते, ‘कॅम्प होस्ट’, पण तिथला होस्ट कंपनीचा नोकर असतो आणि त्याला पगार मिळतो. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. फक्त तो वेगळा करार आहे, वेगळा कर आहे आणि व्हिसावर असणाऱ्यांसाठी तर नियमच वेगळे आहेत. मी आज बोलतेय ते स्वयंसेवी कामाबद्दल.

नॅशनल पार्कमधल्या स्वयंसेवकांसाठी स्वतंत्र कायदा आहे, व्हॉलंटियर्स इन द पार्क्स ॲक्ट, १९६९. त्यावर सही झाली १९७० मध्ये. काम सुरू करण्याआधी तुम्ही एका करारावर सही करता. तो कागद नीट वाचा, कारण तुमचं काम काय आणि काय नाही, ते त्यात लिहिलेलं असतं. आणि त्या कामात दुखापत झाली, तर भरपाईपुरतं तुम्हाला केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यासारखं धरलं जातं. म्हणून करारात नसलेलं काम कुणी गोड बोलून सांगितलं, झाडावर चढून फांदी तोडा वगैरे, तर सरळ नाही म्हणा. शिवाय केंद्र सरकारच्या पार्कांमध्ये मिळून तुमचे २५० तास भरले, की वर्षभराचा प्रवेश पास मिळतो.

आता प्रत्यक्ष काम.

ओरेगनच्या स्टेट पार्कमध्ये दुपारी १ वाजता साईट सोडायची असते आणि नवे लोक ४ वाजता येतात. मधले ३ तास म्हणजे होस्टच्या दिवसाचा गाभा. आधीचे लोक गेलेत ना, कुणाची चप्पल, कुणाचा टॉवेल राहिलाय का, टेबल पुसलेलं आहे का, खांबावरची बुकिंगची चिठ्ठी बदलली का. मग यर्ट असतील तर ते झाडायचे. यर्ट म्हणजे लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं गोल घर. ओरेगनच्या किनाऱ्यावर पावसात कॅम्पिंग करणारे याच्यावर जीव टाकतात.

आणि फायर रिंग. (इथे फायर रिंगचा व्हिडिओ.)

हे लोखंडी कडं बघा. शेकोटी याच्या आतच करायची. होस्टकडे असतं सपाट तोंडाचं फावडं आणि पत्र्याची बादली. प्लास्टिकची बादली चालत नाही, का ते लगेच कळेल. आधी हाताची मागची बाजू राखेच्या वर धरायची, टेकवायची नाही. धग लागली तर पाणी ओतायचं, फावड्याने ढवळायचं, पुन्हा पाणी. वरून पांढरीशुभ्र, गार दिसणारी राख खाली निखारा धरून असते, आदल्या रात्रीचा निखारा दुसऱ्या दुपारीसुद्धा. मग राख उपसायची. तिच्यात काय काय निघतं! ॲल्युमिनियम फॉइलचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, वितळून गोळा झालेली काच, आणि लोकांनी जुनी पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी फळ्या, जाळलेली असली तर मूठभर खिळे. ते खिळे एकेक करून वेचावे लागतात. कारण संध्याकाळी कुणाचं तरी पोर त्या साईटवर अनवाणी पळणार असतं.

समुद्रकिनाऱ्यावर लोक आणखी एक गोष्ट करतात. निघताना शेकोटीवर वाळू लोटतात. त्यांना वाटतं विझली. वाळूखाली निखारे झाकले जातात, गरम राहतात आणि वर दिसत काहीच नाही. पुढच्या माणसाचा पाय पडतो तो थेट त्याच्यावर. तेव्हा एवढं लक्षात ठेवा, तुम्ही होस्ट असा किंवा पाहुणे: शेकोटी पाण्यानेच विझवायची.

आता सरपण. बाहेरून लाकूड आणू नका, इथलंच घ्या, असं होस्ट सांगतो, तेव्हा अनेकांना वाटतं की हा यांचा धंदा आहे. तसं नाही. एमराल्ड ॲश बोअरर नावाचा एक हिरवा, चमकदार किडा आहे. आशियातून आलेला हा किडा अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला. त्याच्या अळ्या ॲश झाडाच्या सालीखाली पोखरत जातात, झाडाचं अन्नपाणी तुटतं आणि ते उभ्या उभ्या वाळतं. किडा स्वतः उडून फार लांब जात नाही. तो लांब जातो तो आपल्या गाडीच्या डिकीतून, सरपणाच्या सालीत बसून. २०२२ मध्ये तो ओरेगनमध्ये, फॉरेस्ट ग्रोव्ह या गावात सापडला. दोन हजार मैलांहून जास्त अंतर! तेव्हापासून सरपणाच्या मोळीबद्दल कुणी विचारलं, की मी ही सगळी हकीकत सांगते. लोक ऐकतात. कारण कळलं की माणूस सहसा वाद घालत नाही.

आणि मला वाटतं, या कामाचं खरं कौशल्य इथेच आहे. होस्टला कसलाही अधिकार नसतो. तो दंड करू शकत नाही, कुणाला बाहेर काढू शकत नाही, कुणाचं सामान तपासू शकत नाही. तो रेंजर, म्हणजे पार्कचा अधिकारी, नाही. त्याच्याजवळ असतं ते फक्त बोलणं, आणि अडलंच तर रेंजरला कळवायचा फोन किंवा रेडिओ.

रात्रीचे १० वाजतात. शांततेची वेळ सुरू होते. एका साईटवर स्पीकर चालू आहे. तिथे कसं जायचं? टॉर्च जमिनीकडे धरून, कुणाच्या तोंडावर नाही. साईटच्या कडेला थांबायचं, आत पाऊल टाकायचं नाही, कारण त्या रात्रीपुरतं ते त्यांचं घर आहे. आधी आपली ओळख द्यायची, कसं चाललंय विचारायचं, आणि मग सांगायचं की बाजूच्या तंबूत लहान बाळ आहे, जरा आवाज बंद कराल का. नियम क्रमांक अमुक, असं म्हटलं की समोरचा ताठ होतो. बाळ म्हटलं की बहुतेकांचा हात आपोआप स्पीकरकडे जातो. आणि कुणी प्यायलेलं असेल, आवाज चढायला लागला, तर तिथे एक शब्दही जास्त बोलायचा नाही. मागे फिरायचं आणि रेंजरला कळवायचं. हे ज्यांना जमत नाही, ज्यांना आपला शब्द खरा करूनच परतायचं असतं, त्यांनी या कामात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या मंडळींबद्दल थोडं बोलते, आपुलकीने. आपण कॅम्पिंगला एकटे जात नाही, चार-पाच कुटुंबं मिळून जातो. पोरं एकत्र, मोठ्या पातेल्यात पावभाजी, रात्री अंताक्षरी. मला हे फार आवडतं. पण एका साईटवर किती माणसं चालतात, ते बुकिंग करतानाच बघा. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये एका साईटवर फक्त ६ जणांना परवानगी आहे, लहान मुलं धरून. मोठा गट असेल तर ग्रुप साईट घ्या. आणि योसेमिटीत प्रत्येक साईटला लोखंडी पेटी असते, ती अस्वलांपासून अन्न वाचवायला. तिच्यात फक्त डबे नाही, टूथपेस्ट, साबण, बाळाचे वाइप्स, वास येणारं सगळं ठेवायचं. रात्री गाडीतही अन्न ठेवायचं नाही. अस्वल गाडीचं दार वाकवतं, आणि एकदा त्याला माणसांच्या अन्नाची चटक लागली की शेवटी त्या अस्वलालाच मारावं लागण्याची वेळ येऊ शकते. लोणच्याच्या एका बरणीपायी हे होऊ नये.

कुणाला जमेल हे काम? ऐंशी-नव्वदच्या दशकात इथे आलेली आपली पिढी आता निवृत्त होतेय. मुलं मार्गी लागली, तब्येत बरी आहे, घरात बसवत नाही. अशा जोडप्यांनी जरूर विचार करावा. मात्र केवळ होस्ट होण्यासाठी आरव्ही विकत घेऊ नका. आधी भाड्याने घेऊन थोडे दिवस राहून बघा, विशेषतः सलग पावसात. दोघांना दोनशे चौरस फुटांत एकमेकांबरोबर राहता येतं का, हेही तिथेच कळतं. दम्याचा त्रास असेल तर धुराचा विचार करा. अनेक कॅम्पग्राउंडमध्ये मोबाईलला रेंज नसते. आरव्ही नको असेल, तर पार्कात दुसरी कामंही असतात: माहिती केंद्रावर बसणं, मुलांचे कार्यक्रम घेणं, दीपगृह दाखवणं. ओरेगनचं हेसेटा हेड दीपगृह १८९४ पासून उभं आहे.

व्हिसाबद्दल नीट ऐका. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर मार्ग सोपा. एच-वन किंवा दुसऱ्या व्हिसावर असाल, किंवा आई-वडील पर्यटक व्हिसावर आलेले असतील, तर पगार नाही म्हणजे चालेल असं गृहीत धरू नका. फुकट मिळालेली साईट हासुद्धा मोबदला धरला जाऊ शकतो. आधी वकिलाला विचारा, पार्कच्या व्हॉलंटियर कोऑर्डिनेटरला विचारा, मग अर्ज करा. परदेशातून येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी नॅशनल पार्क सर्व्हिसचा वेगळा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याला जे-वन व्हिसा लागतो.

अर्ज कुठे करायचा? केंद्र सरकारच्या पार्कांसाठी व्हॉलंटियर डॉट गव्ह या वेबसाईटवर. स्टेट पार्कांसाठी त्या त्या राज्याच्या पार्क खात्याकडे. उन्हाळ्यातल्या चांगल्या जागा खूप आधी भरतात, म्हणून आदल्या पानगळीतच चौकशी सुरू करा. पार्श्वभूमीची तपासणी होते, फोनवर मुलाखत होते. त्या मुलाखतीत तुम्हीही विचारा: यर्ट किती, संडास-बाथरूम होस्टने धुवायची की कर्मचाऱ्यांनी, सुट्टीचे दिवस कोणते, आणि रात्री अडचण आली तर रेंजर किती लांब असतो. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं पार्क बघा.

तुमच्या राज्यातल्या पार्कबद्दल काही विचारायचं असेल, तर राज्याचं नाव लिहून कमेंट करा. दवबिंदूंनी भिजलेल्या तंबूची घडी कशी घालायची, हे पुष्कळांनी विचारलंय. पुढचा व्हिडिओ त्यावर.