जुलाब मोजू नका, लघवी मोजा

(सोलापुरात आशाताई, अंगणवाडी सेविका आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

गड्ड्याची जत्रा भरलीय, तरी एवढी माणसं आलात. बरं झालं, कारण विषयही याच दिवसांतला आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी, हवा थंड आणि कोरडी असते तेव्हा दोन वर्षांच्या आतली मुलं उलट्या-जुलाबानं हैराण होतात. दवाखान्यात मुलाबरोबर आलेल्या आजींनी कारण घरूनच ठरवून आणलेलं असतं: दात येतायत, नजर लागली, गड्ड्यात कुणीतरी काहीतरी चारलं, नाहीतर नळाचं पाणी.

यात पाण्यावरचा संशय मी खोडून काढणार नाही. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, पाणी पिंपात साठतं आणि त्या पिंपात अख्ख्या घराचे हात बुडतात. दांड्याचं ओगराळं ठेवा, एवढंच सांगेन. पावसाळ्यात कॉलरा, टायफॉईड, कावीळ या वाटेनं येतातच. पण थंडीतल्या जुलाबात बहुतेकदा व्हायरस असतात आणि त्यांतला म्होरक्या रोटाव्हायरस. जिथं चोवीस तास शुद्ध पाणी मिळतं त्या देशांतही, लस येण्याआधी, पाच वर्षांच्या आतल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठायचाच. कारण तो हातावरून, खेळण्यावरून, शी धुतलेल्या बोटांवरून फिरतो. अगदी थोडे कण पोटात गेले तरी पुरतात.

1973 पर्यंत हा सापडलेलाच नव्हता. मुलांच्या शीत जंतू शोधायचे आणि बऱ्याचदा काहीच मिळायचं नाही. मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शीऐवजी आजारी मुलांच्या लहान आतड्याचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले, तेव्हा पेशींमध्ये हे गोल कण दिसले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत नोरोव्हायरस दिसला होता. अ‍ॅडेनो, अ‍ॅस्ट्रो, सॅपो हे बाकीचे भाऊबंद. त्यांची नावं पाठ करू नका, उपचार सगळ्यांना एकच आहे.

हा आत जाऊन करतो काय? तुम्ही सोलापूरकर आहात, टॉवेल तुम्हाला मी सांगायची गरज नाही. टर्किश टॉवेलवर जसे उभे लूप असतात तसे लहान आतड्याच्या आतून असतात. त्यांच्यामुळंच पाणी शोषलं जातं. रोटाव्हायरस नेमके त्यांचे शेंडे गाठतो. शेंड्यावरच्या पेशी मरतात, शोषण मंदावतं, शिवाय हा व्हायरस एक विषारी प्रथिन सोडतो, त्यानं आतड्यातून उलट पाणीच बाहेर पडतं. आधी ताप आणि उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब. दूध पचवणारं द्रव्यही त्या शेंड्यांवरच असतं, म्हणून काही दिवस दुधानं पोट गुबारतं. तरी अंगावरचं दूध बंद करायचं नाही, कधीच नाही.

आता यातली गंमत बघा. बुडातून नव्या पेशी वर सरकत राहतात आणि काही दिवसांत शेंडे पुन्हा भरून येतात. म्हणजे जुलाब साधारण आठवडाभरात आपले आपण थांबतात. पालक पहिल्या दिवशी एका डॉक्टरकडे, तिसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे आणि पाचव्या दिवशी तिसऱ्याकडे जातात. गुण तिसऱ्याच्या हाताला येतो! अँटिबायोटिकचा व्हायरसवर काडीचाही उपयोग नाही. जुलाब बांधणारी मोठ्या माणसांची गोळी तर लहान मुलाला द्यायचीच नाही, आतडंच थंडावू शकतं.

मूल जुलाबानं नाही, अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यानं दगावतं. म्हणून किती वेळा शी झाली हे मला दुसऱ्या नंबरवर सांगा. आधी सांगा, लघवी कधी झाली? इथं डायपर घोटाळा करतो. पातळ शी आणि लघवी त्यात एकच होऊन जातात, आई म्हणते ओला आहे आणि मूल सुकत चाललेलं असतं. जुलाबाच्या दिवसांत सुती लंगोट बांधा. रडताना डोळ्यांत पाणी येतंय का, डोळे आत गेलेत का, टाळू खचलीय का, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसते का, हे पाहा. सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल पडलंय, काही पीत नाही, किंवा शीत रक्त दिसलं, तर सरळ दवाखाना गाठा.

बाकी सगळ्यांना ओआरएस, म्हणजे पाकिटातली साखर-मिठाची पूड विरघळवलेलं पाणी. बाधा झालेल्या आतड्यातही साखर आणि मीठ जोडीनं आत घेणारी यंत्रणा चालू राहते आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजून मृत्यू 30 टक्क्यांच्या घरातून 4 टक्क्यांच्या खाली आणले. तरी आपल्याकडे ‘डॉक्टर, एक सलाईन लावूनच टाका’ हे काही सुटत नाही.

मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात चिमूटभर नाही. बाजारातली पाण्याची लिटरची बाटली मापाला धरा. 24 तासांनी उरलेलं ओता. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग मिनिटा-दोन मिनिटाला एक चमचा. मूल तहानेनं भांडंच ओढतं, पण गटागटा दिलं की सगळं बाहेर. कंटाळवाणं काम आहे, रात्र जाते, आईला कुणीतरी पाळी द्या. टेट्रापॅकमधली गोड पेयं यासाठी चालत नाहीत, साखर जास्त झाली की जुलाब वाढतात. सोबत झिंक: सहा महिन्यांपुढच्या मुलाला 20 मिलिग्रॅमची गोळी रोज, त्याआतल्याला, दोन महिन्यांपासून, अर्धी. चौदा दिवस. जुलाब थांबले म्हणून गोळी थांबवायची नाही.

हात साबण-पाण्यानंच धुवा. नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही.

मागून एका ताईंनी विचारलं, ‘डोस पाजले होते, तरी पोराला जुलाब झाले, मग उपयोग काय?’ प्रश्न रास्त आहे. हा डोस फक्त रोटाव्हायरसच्या लसीचा आहे, नोरो वगैरेंना तो अडवत नाही. आपली रोटाव्हॅक ही लस दिल्लीत एम्समध्ये 1980 च्या दशकात नवजात बाळांत सापडलेल्या व्हायरसपासून बनली. त्या बाळांना बाधा होती, पण त्रास नव्हता. डॉ. महाराज किशन भान त्या कामाच्या मुळाशी होते. भारतातल्या चाचणीत पहिल्या वर्षी रोटाचे गंभीर जुलाब तिनं निम्म्याहून थोडे जास्त टाळले. शंभर टक्के नाही. पण जे टळले ते सलाईन लावायची वेळ आणणारे होते. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला, सरकारी दवाखान्यात फुकट. वेळ चुकली असेल तर पहिला डोस वर्षाच्या आत सुरू करता येतो, त्यानंतर नाही. तेव्हा ताई, धाकटीचं कार्ड आधी काढा.