लष्कराच्या दिमतीला प्रवासी विमाने

श्रोतेहो, नमस्कार. दाबोळीची धावपट्टी नौदलाची आणि तिच्यावर उतरणारी बहुतेक विमाने मात्र पर्यटकांची, हा शेजार गोमंतकीयांच्या अंगवळणी पडलेला आहे. आणीबाणीच्या प्रसंगी हीच प्रवासी विमाने सैन्याच्या दिमतीला कशी देता येतील, याविषयी आज बोलायचे आहे.

कल्पना जुनीच आहे. ऑक्टोबर 1947 मध्ये श्रीनगरला फौजा उतरवल्या, तेव्हा हवाई दलाच्या डाकोटांबरोबर नागरी कंपन्यांचे डाकोटाही होते. अमेरिकेने मात्र बर्लिनच्या नाकेबंदीत शहराला विमानांनी रसद पुरवावी लागली, तो अनुभव गाठीशी धरून 1951 मध्ये याची रीतसर योजनाच आखली. कंपन्यांनी ठरावीक विमाने राखीव म्हणून कबूल करायची आणि त्याच्या मोबदल्यात शांततेच्या काळातही सरकारी वाहतुकीचे काम मिळवायचे, असा हा रोखठोक व्यवहार आहे. 1990 च्या आखाती संकटात ही योजना प्रथम अमलात आली आणि सुमारे दोन तृतीयांश सैनिक नागरी विमानांतून गेले. मालाचा वाटा मात्र जेमतेम चतुर्थांश होता.

ही तफावत विमानाच्या बांधणीतून येते. सी-17 या लष्करी मालवाहू विमानाचा मागचा उतरता दरवाजा उघडला की लष्करी वाहन थेट पोटात शिरते. प्रवासी विमानाचे दार उंचावर आणि अरुंद; त्यातून सैनिक आपली पिशवी घेऊन चढेल, तोफ चढणार नाही. म्हणून माणसे प्रवासी विमानांनी न्यावीत आणि लष्करी विमाने अवजड सामग्रीसाठी मोकळी ठेवावीत. शिवाय नागरी विमानाला क्षेपणास्त्रापासून संरक्षण नसते. ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिकेने अशी 18 विमाने मागवली, पण त्यांतले एकही काबूलला धाडले नाही. लष्कराने बाहेर काढलेल्या लोकांना मधल्या तळांवरून पुढे नेण्याचे काम त्यांना दिले.

1990 मध्येच कुवेतमधील लाखाहून अधिक भारतीयांना प्रामुख्याने एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सने अम्मानहून मायदेशी आणले. त्यांत गोंयकारही होते. दोन्ही कंपन्या तेव्हा सरकारी होत्या. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेल्यापासून हक्काने शब्द टाकावा अशी मोठी सरकारी विमान कंपनी उरलेली नाही, आणि खाजगी कंपनीशी ऐन संकटात घासाघीस करणे सरकारला परवडणारे नाही. माझ्या मते किती विमाने, किती तासांच्या सूचनेवर आणि कोणत्या दराने द्यायची, याचे करार आधीच व्हावेत. विम्याच्या सर्वसाधारण करारात युद्धाची जोखीम सहसा वगळलेली असते, ती सरकारने उचलावी. आणि डिसेंबरात, गोव्याच्या ऐन हंगामात विमाने काढून घेतली, तर रद्द झालेल्या तिकिटांचा भार कोणी सोसायचा, तेही त्याच करारात लिहिलेले असावे.