मालधक्क्यावरून बघितलेलं स्टेशन

शकुंतलेचं, म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्या छोट्या रेल्वेगाडीचं, नाव निघालं की लोक तिच्या वाफेच्या इंजिनावर बोलतात. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालेलं. बोलावं, जरूर बोलावं. पण आपल्या गावचं स्टेशन बाभळींत बुडालंय, त्याविषयी कुणी अवाक्षर काढत नाही, हे मला लागतं. म्हणून आज स्टेशनाबद्दल बोलणार आहे.

त्याआधी एक आठवण. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आजीसोबत कारंज्याला निघालो होतो. तिकिटाच्या खिडकीत तेव्हा माणूस उरला नव्हता. गाडी थांबली की गार्डच उतरायचा, खिडकीमागे जाऊन तिकिटं द्यायचा आणि परत गाडीत चढायचा. त्या दिवशी आजीच्या पदराची गाठ काही केल्या सुटेना. मागे चार-पाच माणसं खोळंबलेली. गार्ड म्हणाला, "आजी, घाई नका करू. मी अठी असल्यावर गाडी कुठी जाते?" सगळे हसले. तुम्हीही हसलात, बरं वाटलं! पुढे फाटक आलं. गाडी थांबली, एक जण उतरला, त्याने फाटक लावलं. गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबली. त्याने फाटक उघडलं, अडलेल्या बंडीवाल्याला तुरीचा भाव विचारला आणि पळत येऊन डब्यात चढला. आजी म्हणाली, "हा मानूस पगार एक घेते अन् कामं चार करते."

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. मुद्द्यावर येतो.

आपलं स्टेशन प्रवाशांसाठी बांधलंच नव्हतं. किलिक-निक्सन कंपनीने ही अडीच फुटी लाईन टाकली ती वऱ्हाडच्या कापसासाठी. फलाट बघा, जमिनीला टेकलेला आहे. आणि मालधक्का बघा, डब्याच्या दाराला बरोबर लागेल इतका उंच. त्याच्या कडेचा दगड कापसाच्या गाठी ओढून ओढून खोलगट झालाय, हात फिरवला की कळतं. पण मूर्तिजापूरला लहान गेज संपायचं. तिथे प्रत्येक गाठ उतरवून मोठ्या लाईनच्या डब्यात चढवायची, मग मुंबई. ट्रक आला आणि जिनिंगच्या दारातून उचललेली गाठ थेट गिरणीत पोचू लागली. दुहेरी हमाली वाचली. आपल्या स्टेशनातून आधी माल गेला, मग मास्तर, मग खिडकीतला माणूस. आजीने कौतुक केलेल्या त्या गार्डाच्या अंगावर चार कामं पडली ती यामुळे. शेवटची गाडी फार नंतर बंद झाली. स्टेशन तेव्हाच गेलं होतं.

उद्या रूळ निघाले तर इंजिनाचे फोटो तरी राहतील. मालधक्का कुणाच्याच यादीत नसेल. गाठी कुठे रचायचे, काटा कुठे होता, हमालीचा दर कोण ठरवायचं, हे सांगू शकणारी दोन माणसं आत्ता मागच्या रांगेत बसली आहेत. चहा झाला की मी त्यांना मालधक्क्यावर घेऊन जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी वही घ्या आणि बॅटरी घ्या, तिकडे दिवा नाही.