खाच आली की थांबा

(पडदा पांढरा. प्रोजेक्टरची घरघर.)

हा कार्टूनमधला काळा बोका विचारात पडला की हात पाठीमागे बांधून येरझाऱ्या घालतो. काहीच सुचेना झालं की डोक्यावर प्रश्नचिन्ह उगवतं. आणि मग गंमत! तेच चिन्ह हातात धरून तो त्याचा अडकवायचा आकडा करतो. कधी शेपटीच काढून वापरतो. आवाज नसलेल्या पडद्यावर असले विनोद चित्रातच सापडायला हवे होते.

याचं नाव फेलिक्स. १९१९ साली 'फेलाइन फॉलीज'मध्ये तो आला तेव्हा त्याला मास्टर टॉम म्हणत. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्याला रेखाटलं ऑटो मेस्मरनं, नाव मात्र झळकायचं मालक पॅट सलिवनचं. सलिवन मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिथले काही जण आजही श्रेय त्यालाच देतात. मला मेस्मरचं पटतं. अंग काळं का, तर रेषा कमी काढाव्या लागतात आणि ठसठशीत आकृती हलताना उठून दिसते. असं उत्तर हजारो चित्रं काढून हात दुखलेला माणूसच देणार.

(रीळ जवळून.)

थिएटरातल्या प्रती नायट्रेट नावाच्या जुन्या फिल्मच्या. नायट्रेट भडकन पेटतं, नाही पेटलं तर आधी चिकट होतं, मग भुकटी. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनीही आगकाड्या हलवून एक छोटा चित्रपट केला होता. तो आज पाहायला मिळत नाही.

फेलिक्सला घरगुती प्रतींचा आधार मिळाला. १९२२ मध्ये फ्रान्सच्या पाथे कंपनीनं 'पाथे बेबी' प्रोजेक्टर आणला. फिल्म ९.५ मिलिमीटरची, सहजी न पेटणारी, आणि छिद्रं कडेला नाहीत, मधोमध, दोन चौकटींच्या मध्ये. यंत्राचा दात चुकला की ओरखडा थेट बोक्याच्या अंगावर. संग्राहक म्हणूनच आधी फिल्मचा मधला पट्टा उजेडात धरून पाहतात. त्याआधी डबा उघडून नाक पुढे करतात: व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्म खराब व्हायला लागली. नावावर तर विसंबूच नका. घरच्या प्रती कापून आखूड केलेल्या असत, कधी नावही बदललेलं.

पण त्यातली एक युक्ती मला फार आवडते. मजकुराच्या पाटीसाठी फूटभर फिल्म कशाला खर्चायची? कडेला एक खाच पाडायची. खाच आली की यंत्र तेवढी चौकट धरून ठेवतं.

बघा, आलीच. घ्या वाचून.