रुग्णसंख्येआधी तारखा मागा

साथीत सरकारनं काय केलं हे तपासायला बसलं की पहिला हात जातो तो रोजच्या रुग्णसंख्येच्या पत्रकावर. फसगत तिथंच होते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यालगत नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएस या हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मिळू लागले. एकूण आकडा पुढं दोनशेच्या वर गेला. काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब घडवणारा जंतू सापडला आणि संशय पाण्यावर आला.

आता वेळेचा हिशेब बघा. जुलाब होऊन गेल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांनी हातापायांतली ताकद जाते. म्हणजे आज दाखल झालेला रुग्ण काही आठवड्यांपूर्वीच्या पाण्याबद्दल सांगतो. सोमवारी क्लोरिन वाढवलं आणि शुक्रवारी ‘उपाययोजनांमुळे रुग्ण घटले’ असं प्रसिद्धिपत्रक निघालं, तर ते श्रेय फुकटचं. आणि शुक्रवारी रुग्ण वाढले म्हणून उपाय फसला, ही ओरडही तितकीच बिनबुडाची.

म्हणून मी तारखा मागतो. ७-१-७ नावाची कसोटी आहे: साथ सुरू झाल्यापासून ७ दिवसांत ती लक्षात यावी, १ दिवसात आरोग्य यंत्रणेला कळवली जावी, पुढच्या ७ दिवसांत सुरुवातीची कामं उरकावीत. गफलत पहिल्याच तारखेत होते. ‘सुरुवात’ म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालाची तारीख टाकली की उशीर आपोआप पुसला जातो. हवी असते पहिल्या रुग्णाचे पाय लुळे पडले ती तारीख, आणि ती केसपेपरवर असते.

उशीर का होतो, तेही समजून घ्या. पोलिओसाठी लुळेपणाची नोंद ठेवणारी यंत्रणा आपल्याकडे आहे, पण ती मुख्यतः पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी. चाळिशीतला माणूस खासगी रुग्णालयात न्यूरॉलॉजिस्टकडे जातो. इथं दोन, तिथं तीन. बेरीज करणार कोण? तेव्हा विचारा, खासगी रुग्णालयांनी रुग्ण कळवावेत हा आदेश कोणत्या तारखेला निघाला?

यानंतर पाणी. ‘टीसीएल टाकली’ (म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरिनची पावडर टाकली) हा शेरा पुरावा नव्हे. चांगल्या टीसीएल पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतं. १००० लिटरला २.५ ग्रॅम टाकली, तर लिटरमागं साधारण ०.८ मिलिग्रॅम मिळतं. पोतं उघडं राहून ताकद १५ टक्क्यांवर आली, तर तेवढ्याच पावडरीतून ०.४ सुद्धा मिळत नाही, आणि गढूळ विहिरीत तेही गाळच खाऊन टाकतो. म्हणून पावडर किती किलो आणली यापेक्षा तिची ताकद कधी तपासली, ते महत्त्वाचं.

ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरलंय का हे रंगावरून बघायची चाचणी, कुठं केली, हेही बघा. टाकीपाशी पिवळा रंग येणारच. क्लोरिन टाकल्यावर किमान अर्धा तास जाऊ द्यावा आणि वाहिनीच्या शेवटच्या नळावर मोजावं. तिथं लिटरमागं निदान ०.२ मिलिग्रॅम हवं, साथीत ०.५. वहीत महिनाभर रोज नेमकं ०.२ असेल, तर ती एका बैठकीत भरलेली समजा. खऱ्या वहीत अधूनमधून शून्यही येतं. अशा दिवसापुढं बोट ठेवा आणि विचारा: नळ किती वाजता बंद केला, आणि लोकांना कुणी सांगितलं?