पाल्सा खचतो तेव्हा

(दृश्य: दलदल, मधून गेलेली लाकडी पायवाट)

उत्तर स्वीडन. आबिस्को गावापासून दहाएक किलोमीटरवरची ही स्टोर्डालेनची दलदल. पायवाटेलगत दिसतो तो कोरडा उंचवटा म्हणजे पाल्सा. वर पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, आणि पोटात पर्माफ्रॉस्ट. सलग दोन वर्षं जिचं तापमान शून्य अंशाच्या वर जात नाही ती जमीन पर्माफ्रॉस्ट, व्याख्या एवढीच.

पोटातला बर्फ वितळला की पाल्सा खचतो, खचला की पाणी साचतं. पुढचं सगळं या पाण्यावर ठरतं. कोरड्या पीटमध्ये हवा खेळती असते, तिथले जिवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात. पाण्याखाली मात्र ऑक्सिजन संपतो आणि कारभार आर्किया गटातल्या सूक्ष्मजीवांकडे जातो. ते मिथेन तयार करतात. अर्ध्या वितळलेल्या भागात सापडलेल्या अशाच एका आर्कियाला २०१४ मध्ये या दलदलीचंच नाव मिळालं: मिथेनोफ्लोरेन्स स्टोर्डालेनमायरेन्सिस.

वजनाला वजन धरलं, तर शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो. वरच्या थरात त्याला खाणारे जिवाणू आहेत, नाही असं नाही. पण पूर्ण वितळलेल्या भागात कापूसगवत माजतं. त्याच्या मुळाखोडांतून हवेच्या पोकळ्या असतात. मिथेन त्यांतून खाणाऱ्यांना चुकवून थेट वर येतो.

(दृश्य: जमिनीत रोवलेल्या कड्यावर पारदर्शक पेटी बसवली जाते)

मोजायचं कसं? कडं आधीच जमिनीत रोवून ठेवायचं, त्यावर पेटी घट्ट बसवायची आणि आतलं मिथेन काही मिनिटं टिपत राहायचं. आलेखाची रेघ एकसारखी चढली तर माप घ्यायचं. सुरुवातीलाच उडी दिसली, तर बहुधा कुणाचा पाय शेजारी पडून चिखलातले बुडबुडे सुटलेत. ते माप बाद. फळ्यांची पायवाट त्यासाठी आहे. बूट कोरडे राहतात हा वरचा फायदा.

(दृश्य: चिखलाचा नमुना, जवळून)

याच चिखलात पाराही आहे. हवेतून आलेला, झाडपाल्यानं शोषलेला, पीटबरोबर गोठलेला. एचजीसीए आणि एचजीसीबी ही जनुकं असलेले सूक्ष्मजीव त्याचं मिथाइल पाऱ्यात, म्हणजे पाऱ्याच्या जास्त विषारी रूपात, रूपांतर करतात आणि तो माशांत साठत जातो. या जीवांनाही ऑक्सिजन नसलेला चिखलच मानवतो. त्यामुळे एकूण पारा मोजून भागत नाही, मिथाइल पारा वेगळा काढावा लागतो. नमुना आम्लानं धुतलेल्या बाटलीत भरून लगेच गोठवायचा. उबेत राहिला, तर बाटलीतही सूक्ष्मजीवांचं काम चालूच राहतं आणि आकडा बदलतो.