नोकरीतले पीए आणि अर्धवेळ पदवी : तासांचा हिशेब

मित्रहो, आज येथे आलेल्यांपैकी बरेच जण अमेरिकेतल्या रुग्णालयांत फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांच्या जोडीने रुग्ण तपासून उपचार करणारे परवानाधारक), म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातले ‘पीए’, म्हणून काम करतात, आणि काही जण त्यांचे जोडीदार म्हणून आलेले आहेत. नोकरी सांभाळून ऑनलाइन, अर्धवेळ पदव्युत्तर पदवी घ्यावी का, हा विषय जोडीदारांनीही तितक्याच लक्षपूर्वक ऐकावा अशी माझी विनंती आहे; कारण या पदवीचे शुल्क बँकेतून जाते, पण तिचा वेळ घरातूनच जातो.

ही पदवी नेमकी कोणाला लागते, हे आधी पाहू. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय सेवा केलेल्या चार जणांना घेऊन पीए घडवणारा अभ्यासक्रम सुरू केला, आणि १९६७ साली त्यांतले तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. पुढे कितीतरी वर्षे या व्यवसायात प्रमाणपत्रावर किंवा साध्या पदवीवर प्रवेश मिळत असे. मान्यता देणाऱ्या संस्थेने २०२० अखेरची मुदत घातली आणि त्यानंतर प्रवेश घेणाऱ्यांना पदव्युत्तर पदवी देणे अभ्यासक्रमांना बंधनकारक झाले. त्यामुळे जुन्या पिढीतल्या, वीस-पंचवीस वर्षे उत्तम काम केलेल्या पीए मंडळींना नवी नोकरी शोधताना किंवा शिकवण्याच्या जागेसाठी अर्ज करताना पदवीचा रकाना मोकळा असल्याची अडचण जाणवते. त्यांच्यासाठी पीए विषयातली पूरक पदव्युत्तर पदवी हा सरळ मार्ग आहे. मात्र ज्यांच्याकडे ही पदवी आधीच आहे, त्यांनी दुसरी घेतल्याने परवान्यात काहीही फरक पडत नाही. राष्ट्रीय प्रमाणपत्र टिकवण्यासाठी दर दोन वर्षांनी सातत्यपूर्ण शिक्षणाचे १०० क्रेडिट लागतातच, आणि ते पदवीवाचूनही मिळवता येतात. तेव्हा केवळ नावापुढे आणखी दोन अक्षरे यावीत म्हणून कोणी या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी स्वतः आपत्कालीन विभागात काम करत असताना सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली, आणि ती का उपयोगी पडली ते एका उदाहरणाने सांगतो. रोगपरिस्थितीविज्ञानाच्या, म्हणजे आजार समाजात कसे आणि किती पसरतात याच्या अभ्यासाच्या, तासाला एक साधे कोष्टक मांडायला शिकवतात. समजा, हजार माणसांमध्ये एखादा आजार दहा जणांना आहे, आणि चाचणी आजारी माणसाला नव्वद टक्के वेळा बरोबर ओळखते व निरोगी माणसालाही नव्वद टक्के वेळा बरोबर सोडते. दहापैकी नऊ रुग्ण सापडतील हे खरे. पण उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी ९९ जणांचा अहवालही पॉझिटिव्ह येईल. म्हणजे १०८ पॉझिटिव्ह अहवालांमागे खरे आजारी नऊच, जेमतेम आठ टक्के. ही आकडेमोड आपण सर्वांनी परीक्षेपुरती केलेली असते. पण रात्री छातीत दुखते म्हणून आलेल्या, अन्यथा धडधाकट तरुणासाठी ‘असू दे, डी-डायमर (रक्तात गुठळी झाल्याचा संशय तपासणारी चाचणी) पाठवून ठेवू’ असे म्हणण्याआधी हात थांबू लागला तो या अभ्यासामुळे. फुप्फुसात गुठळी असण्याची शक्यता मुळातच नगण्य असेल, तर त्या चाचणीच्या पॉझिटिव्ह अहवालामागून बहुधा एक अनावश्यक सीटी स्कॅन येतो. विषय निवडताना माझी कसोटी हीच आहे : सोमवारी शिकलेले मंगळवारच्या ड्यूटीवर दिसले पाहिजे. ज्यांना विभागप्रमुख व्हायचे आहे त्यांना आरोग्य व्यवस्थापनात असेच काही सापडेल, आणि ज्यांना विद्यार्थी घडवायचे आहेत त्यांना वैद्यकीय शिक्षणशास्त्रात.

आता तासांकडे येऊ, कारण बहुतेकांची गाडी अडते ती इथेच. पदवीच्या एका क्रेडिटमागे, वर्ग आणि घरचा अभ्यास धरून, सुमारे ४५ तास लागतात असे येथील विद्यापीठे ढोबळमानाने मानतात. तीन क्रेडिटचा विषय म्हणजे १३५ तास. पंधरा आठवड्यांच्या सत्रात ते आठवड्याला नऊ तास होतात, आणि बारा तासांच्या तीन शिफ्ट करणाऱ्या माणसाला ते जमण्यासारखे असते. परंतु पुष्कळ ऑनलाइन अभ्यासक्रम आठ आठवड्यांच्या सत्रांत विभागलेले असतात आणि ‘एका वेळी एकच विषय’ असे त्यांचे आकर्षक वर्णन केलेले असते. तोच विषय आठ आठवड्यांत बसवला की आठवड्याला सतरा तास होतात! माहितीपत्रकात हा आकडा क्वचितच छापलेला असतो. तो आपणच काढावा लागतो. सार्वजनिक आरोग्याच्या मान्यताप्राप्त पदवीला किमान ४२ क्रेडिट लागतात, म्हणजे तीन क्रेडिटचे चौदा विषय. वर्षाला तीन सत्रे आणि प्रत्येक सत्रात एक विषय धरला, तर ही जवळजवळ पाच वर्षांची बांधिलकी आहे. शिवाय त्या पदवीत प्रत्यक्ष क्षेत्रातले काम करावे लागते; ते रात्री मुले झोपल्यावर लॅपटॉपवर उरकता येत नाही.

रोस्टर बनवणाऱ्या सहकाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे. ऑनलाइन वर्गातल्या चर्चेची पहिली नोंद बहुधा आठवड्याच्या मध्यावर आणि उत्तरे रविवारी रात्री द्यायची असतात. लागोपाठ तीन रात्रींच्या ड्यूट्या नेमक्या त्याच दिवसांवर आल्या, तर पूर्ण आठवड्याचे गुण हातचे जातात.

पैशांबाबत दोनच मुद्दे. मालकाने दिलेल्या शैक्षणिक साहाय्यापैकी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम बरीच वर्षे करमुक्त राहत आली आहे, म्हणून विषयांची आखणी जानेवारी ते डिसेंबर अशा वर्षाप्रमाणे केल्यास फायदा होतो. दुसरे म्हणजे, साहाय्याच्या करारात नोकरी सोडल्यास ती रक्कम परत करण्याचे कलम बहुधा असते. शेवटचा विषय संपल्यापासून किती महिने थांबावे लागेल, आणि तुम्हाला कामावरून कमी केले गेले तर काय, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

महाराष्ट्रातून भाचे-पुतण्या फोन करून विचारतात म्हणून थोडे त्यांच्याविषयी. भारतात हा व्यवसाय चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२ साली रुजवला, आणि २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात त्याचा समावेश झाला. त्या कायद्याखालील विषय ऑनलाइन व दूरशिक्षणाने शिकवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे. तेव्हा तिथे कोणी असा प्रवेश देऊ करत असेल, तर आधी चौकशी करावी. आणि अमेरिकेतल्या पूर्णतः ऑनलाइन अर्धवेळ पदवीवर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, हेही त्यांना वेळीच सांगावे.

ज्यांचा निर्णय अजून होत नाही, त्यांना मी एवढेच सुचवेन की, पूर्ण प्रवेश घेण्याआधी पदवीबाहेरचा विद्यार्थी म्हणून एकच विषय घेऊन पाहावा. बहुतेक विद्यापीठे तशी सोय देतात आणि पुढे प्रवेश घेतल्यास ते क्रेडिट ठरावीक मर्यादेत धरतात. शक्यतो जैवसांख्यिकीसारखा अवघड विषय निवडावा, आणि तोही हिवाळ्यात, फ्लूच्या रुग्णांनी विभाग भरलेला असताना.